गोळीचं हसू

मावशी आली त्या दुपारी आई अगदी रंगात होती. गोळी लागू झालेली, मान सैल, आवाज मोकळा. दोघी बहिणी लहानपणच्या कुठल्याशा फजितीची आठवण काढत होत्या आणि आई हसली. नुसते ओठ हलवून नाही. डोळे बारीक करून, मान मागे टाकून, शेवटी ठसका लागेपर्यंत. पार्किन्सन्स झालेल्या माणसाबरोबर जे राहतात, त्यांना अशा हसण्याची किंमत सांगायला नको. ते ऐकू आलं की घरातलं माणूस हातातलं काम थांबवतं. मीही थांबले होते. निघताना मावशी दारात माझा हात धरून हलक्या आवाजात म्हणाली, "गोळीचं हसू आहे गं ते. आपली ताई राहिलीय कुठे आता." तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी काही बोलले नाही. तिने वाईट हेतूने म्हटलंच नव्हतं. एका बहिणीला जे दिसलं, ते तिने सांगितलं. पण ती गेली आणि वाक्य मागे राहिलं. कपड्यांच्या घड्या घालताना, औषधांचा डबा भरताना, रात्री दिवा मालवताना ते वर यायचं. गोळीचं हसू. मग हसली कोण?

सकाळची पहिली गोळी घेण्याआधीची आई मावशीने कधी पाहिलेली नाही. रात्रभरात अंगातलं औषध ओसरलेलं असतं. कुशीवर वळायचं तरी आधी मनात ठरवावं लागतं, मग खांद्याला सांगावं लागतं, मग कमरेला. आणि सांगूनही काही वेळा कुणी ऐकत नाही. चेहरा गुळगुळीत, शांत, जणू कशाचंच काही वाटत नाही असा. खरं तर वाटत असतं. "काय गं, झोप लागली का?" असं विचारलं की उत्तर येतं, पण इतक्या सावकाश आणि इतक्या हळू आवाजात, की नवख्या माणसाला वाटावं हिला प्रश्न कळलाच नाही. मी गोळी देते आणि मग आम्ही दोघी वाट बघतो. ही वाट बघणं मला आता पाठ झालंय. गोळी पोटातून लहान आतड्यात जायला हवी, तिथून रक्तात, रक्तातून मेंदूत. मध्ये प्रथिनं असलेलं काही खाण्यात आलं असेल तर आणखी उशीर, कारण प्रथिनांपासून सुटे होणारे घटक आणि हे औषध एकाच वाटेने आत शिरू बघतात आणि त्यांची दाटी होते. या आजारात हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे रसायन मेंदूत कमी पडतं. मग थेट डोपामिनच का देत नाहीत, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांची भिंत डोपामिनला आत सोडत नाही. लेव्होडोपाला, म्हणजे गोळीतल्या औषधाला, सोडते. म्हणून कच्चा माल पाठवायचा आणि डोपामिन आतल्या पेशींकडून बनवून घ्यायचं. गोळीत सोबतीला दुसरं एक औषध असतं, ते हा माल वाटेतच, मेंदूबाहेर, खर्ची पडू नये म्हणून.

गोळी लागू होतेय हे मला हातांच्याही आधी पापण्यांवरून कळतं. डोपामिन कमी पडलं की माणूस पापण्या फार कमी मिटतो. सकाळी आईची नजर एकटक असते, बघणाऱ्याला जरा धाक वाटेल इतकी. मग कधीतरी एक पापणी मिटते. थोड्या वेळाने पुन्हा. मग नेहमीसारखी, लक्षातही येणार नाही अशी उघडझाप सुरू होते आणि मी मनात म्हणते, पोचली. त्यानंतर बोटं. ती अंगातल्या सदऱ्याचं वरचं बटण धरते. अंगठा आणि तर्जनी बटणावर असतात, काजही समोर दिसत असतं, पण बटण तिरकं करून आत सरकवण्याची ती एवढीशी हालचाल सुरूच होत नाही. ती जोर लावत नाही, चिडतही नाही. नुसती धरून बसते. आणि मग एकदम, मध्ये काहीच अडलं नव्हतं अशा सहजतेने, बटण काजातून निघून येतं. दुसरं, तिसरं, भराभर. मी रोज बघते आणि रोज अंगावर काटा येतो.

काय पोचलं आणि कुठे, हे समजून घ्यायचा ध्यास मला त्या वाक्याने लावला.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, हे शाळेत एका ओळीत सांगून पुढे जातात. त्या एका ओळीसाठी माणसं आयुष्यभर भांडली आहेत. कामिल्लो गोल्जींनी 1873 मध्ये चांदीच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवायची एक रीत शोधली. तिच्यात असंख्य पेशींपैकी मोजक्याच काळ्या पडतात, पण त्या पडतात त्या बारीक फांद्यांसकट. त्यांना तिथे एकसलग जाळं दिसलं. सांतियागो रामोन इ काहाल यांनी तीच रीत सुधारून वापरली आणि त्यांना सुट्या सुट्या पेशी दिसल्या, टोकं जवळ आलेल्या पण न जुळलेल्या. 1906 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं आणि तिथल्या भाषणातही गोल्जींनी सुट्या पेशींच्या कल्पनेवर हल्ला चढवला. मला गोल्जींचं म्हणणं आतून पटतं. सलग असणं किती दिलाशाचं आहे. एक विचार इथून निघाला आणि तिथे पोचला, मध्ये कुठेही तुटला नाही. पण काहालच बरोबर होते. मध्ये जागा आहे. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखवूनच दिली. साधारण 20 नॅनोमीटर. केसाची जाडी 80,000 नॅनोमीटर धरली, तर अशा 4,000 फटी एका केसाच्या रुंदीत शेजारी शेजारी बसतील.

एवढ्याशा फटीतून निरोप जातो कसा? वीज उडी मारते, असं बहुतेकांना वाटायचं. चेतातंतूतून वीज जाते हे तोवर माहीत झालंच होतं. ऑटो लोवी यांना मात्र वेगळा संशय होता, फक्त तो तपासायचा कसा हे सुचत नव्हतं. पुढची हकिकत त्यांनीच नंतर सांगितलेली आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझला असताना एका रात्री झोपेत प्रयोग सुचला, अर्धवट जाग येऊन त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्यांना लागेना. दिवसभर त्या चिठोऱ्याशी झटापट झाली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली, तेव्हा ते सरळ उठून प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं, क्षारांच्या द्रावणात धडधडणारी. एकाला व्हेगस ही चेता अजून जोडलेली, दुसऱ्याला नाही. पहिल्याच्या चेतेला विजेने चाळवलं, तसं त्या हृदयाचे ठोके मंदावले. मग पहिल्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्यात घातलं. त्या दुसऱ्याला कोणतीच चेता जोडलेली नव्हती, कुणी काही सांगितलं नव्हतं. तेही मंदावलं. ठोके वाढवणारी चेता चाळवून तेच केलं, तेव्हा दुसरं हृदयही जोरात चालू लागलं.

म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. भांड्यात ओतून घेता येण्यासारखा.

1921 साली हे प्रसिद्ध झालं. ठोके मंदावणारा पदार्थ पुढे ॲसिटिलकोलिन ठरला. त्याचे शरीरावरचे परिणाम हेन्री डेल यांनी 1914 मध्येच नोंदवून ठेवले होते, आणि 1936 चं नोबेल दोघांना एकत्र मिळालं. लोवींनी एक गोष्ट प्रांजळपणे लिहून ठेवली आहे. दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर हा प्रयोग त्यांनी केलाच नसता. चेतेतून पदार्थ सुटत असला तरी तो जागच्या जागी काम होण्यापुरताच सुटेल, आसपासच्या द्रावणात सापडण्याइतका उरेल कशाला, असंच त्यांना वाटलं असतं. मला हा माणूस फार आवडतो. 1938 मध्ये नाझींनी त्यांना पकडून कोठडीत टाकलं, तेव्हा आपण वाचत नाही असं त्यांना वाटलं. त्यांनी पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड मिळवलं आणि अलीकडच्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यावर लिहून एका नियतकालिकाकडे पाठवून दिला. तो हरवू नये म्हणून. पुढे सुटका झाली ती नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून दिल्यावर.

हृदयात होतं म्हणून मेंदूतही तसंच होत असेल, हे मात्र लगेच मान्य झालं नाही. मेंदूत सगळं क्षणार्धात चालतं, तिथे कसली रसायनं, असा विजेच्या बाजूचा मुद्दा होता. त्या बाजूचे बिनीचे शिलेदार जॉन एकल्स. न्यूझीलंडमध्ये त्यांची गाठ तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशी पडली. पॉपर यांनी त्यांना सांगितलं, तुमचं म्हणणं इतकं स्पष्ट मांडा की ते खोटं ठरण्याची सोय राहील. एकल्स यांनी तसं मांडलं. 1951 मध्ये डनेडिनला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एका चेतापेशीच्या आत काचेची अतिसूक्ष्म नळी घातली आणि पेशीला 'थांब' असा निरोप येतो तेव्हा आत काय होतं ते मोजलं. एकल्स यांच्या सिद्धान्ताप्रमाणे काटा ज्या बाजूला जायला हवा होता, त्याच्या बरोबर उलट बाजूला गेला. कित्येक वर्षांची भूमिका एका प्रयोगात पडली, आणि ती पाडणारा प्रयोग त्यांचाच. त्यांनी ते मान्य केलं, जाहीर केलं आणि उरलेली कारकीर्द रासायनिक निरोपांच्या अभ्यासात घालवली. मी हा भाग आईला वाचून दाखवला होता. ती म्हणाली, "मोठा माणूस." बस, तेवढंच.

आता त्या फटीजवळ जरा थांबते, कारण मला सगळ्यांत जास्त वेळ तिथेच लागला. पेशीतून विजेचा झोत येतो आणि तंतूच्या टोकाशी संपतो. खरोखरच संपतो, पुढे जात नाही. टोकाला पोचल्यावर तो फक्त काही दारं उघडतो आणि बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. आत, काठाशी, सूक्ष्म पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, तयार बसलेल्या असतात, व्यास जेमतेम 40 नॅनोमीटर, प्रत्येकीत रसायनाचे काही हजार रेणू भरलेले. कॅल्शियम येताच त्यातल्या काही पुटिका काठाला मिळून जातात, फुटून बाहेर उघडतात आणि आतला ऐवज फटीत सांडतो. पलीकडच्या काठावर रिसेप्टर असतात, नेमक्या त्याच रेणूची वाट बघणारे. रेणू बसला की पलीकडच्या पेशीत नवी हालचाल होते. या सगळ्याला मिलिसेकंदभराहून जास्त वेळ लागतोच असं नाही. मग लगोलग आवराआवर. ॲसिटिलकोलिन असेल तर एक विकर त्याचे तुकडे करून टाकतं. डोपामिन असेल तर ज्या पेशीने सोडलं तीच ते बहुतेक परत ओढून घेते आणि पुन्हा पुटिकांत भरते. आवराआवर झाली नाही तर पुढचा निरोप ऐकूच येणार नाही. आणि कुणी काही पाठवत नसतानासुद्धा मधूनच एखादी पुटिका आपोआप उघडते. बर्नार्ड कात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या स्नायूवर हे मोजलं. त्या इवल्याशा हिसक्यांवरूनच त्यांना उमगलं की हे रसायन सलग झिरपत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांतून येतं. शांततेतही थोडं बोलणं चालू असतं, ही गोष्ट मला का कोण जाणे फार धीर देते.

मनात यायचं, इतका खटाटोप का? वीज थेट पुढे नेणारे सांधेही निसर्गात आहेत. जिथे क्षणाचा विलंब जिवावर बेतेल, तिथे ते वापरलेले दिसतात. क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या झटक्यात ते पहिल्यांदा सापडले. मग मेंदूने बहुतेक सगळीकडे ही थांबण्याची, सांडण्याची, पुन्हा उभं करण्याची रीत का धरली? वाचता वाचता उत्तर हळूहळू जमा होत गेलं. थेट सांध्यातून आलेली वीज साधारण तशीच पुढे जाते. रसायनातून जाताना तिचं काहीही करता येतं. इकडचा उत्साह तिकडची शांतता होऊ शकतो, एकल्स यांना त्या दिवशी दिसली तशी. वापरात असलेला दुवा बळकट होतो, पडून असलेला क्षीण होतो, आणि आपण जे शिकतो ते पुष्कळसं या बदलांतच साठतं. आणि त्याच फटीतून बाहेरचं जगही आत शिरतं. बाणाच्या टोकाला लावायचं क्युरारी हे विष रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि स्नायूपर्यंत निरोप पोचू देत नाही. धनुर्वाताचं विष पुटिका उघडण्याच्या यंत्रणेतलं एक प्रथिन कापतं. भूल, झोपेच्या गोळ्या, दारू, सगळे इथेच कुठेतरी हात घालतात. मेंदू सलग असता तर त्याला विष देणं इतकं सोपं गेलं नसतं. औषध देणंही नाही.

आईच्या गोळीची गोष्ट सर्पगंधेपासून सुरू होते, हे कळलं तेव्हा मी चकित झाले. भारतीय वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक असलेली ही वनस्पती. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवर तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांचे अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि पाश्चात्त्य जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. हे रेसर्पिन पुटिका भरू देत नाही. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तर ससे जागच्या जागी निपचित पडून राहिले. मग 1957 मध्ये त्यांनी अशा प्राण्यांना लेव्होडोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ते डोळे उघडून, हलूफिरू लागले. कार्लसन यांचं म्हणणं होतं, डोपामिन हे नुसतं दुसरं काही बनवण्याच्या वाटेवरचं साहित्य नाही, ते स्वतः निरोप्या आहे. 1960 मध्ये लंडनला एका परिसंवादात त्यांनी हे मांडलं आणि जमलेल्या जाणत्यांना ते पटलं नाही. त्या न पटलेल्यांत खुद्द हेन्री डेलही होते. ज्यांनी रसायनाचा निरोप जगाला मानायला लावला त्यांनाच पुढचं रसायन मानवेना, याचं मला वाईट वाटतं, रागही येतो.

त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकिविच पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासत होते. त्यांच्या तपासणीत एक टप्पा असा होता की डोपामिन असेल तर परीक्षानळीत गुलाबी रंग यायचा. इतर मेंदूंच्या नमुन्यांत तो आला. पार्किन्सन्सच्या नमुन्यांत छटासुद्धा जेमतेम दिसली. नुसत्या डोळ्यांनी. मोजमाप व्हायच्या आधीच त्यांना उत्तर समोर दिसत होतं. 1961 मध्ये डॉक्टर व्हाल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपाची सुई दिली, आणि अंथरुणात उठून बसता न येणारी माणसं बसली, बसलेली उभी राहिली, उभी राहून अडलेली चालू लागली. 2000 चं नोबेल मिळालेल्यांत कार्लसन होते, हॉर्निकिविच नव्हते. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून खंत व्यक्त केली. त्या नळ्यांतला न आलेला गुलाबी रंग मला अधूनमधून दिसतो. सकाळी बटणावर थांबलेली बोटं बघताना तर हमखास.

इतकं सगळं वाचून झाल्यावर मावशीच्या वाक्याकडे मी पुन्हा वळले. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी. त्यातल्या हालचालीसाठी डोपामिन पुरवणाऱ्या पेशी काही लाख, आणि आईच्या त्या काही लाखांतल्या बऱ्याचशा गेलेल्या. लक्षणं दिसेपर्यंतच पुष्कळ हानी झालेली असते. उरलेल्या पेशी गोळीतून आलेल्या कच्च्या मालावर कशीबशी सगळ्यांची गरज भागवतात. डोपामिन कुणाला हुकूम देत नाही. ते फटीतून बाहेर आसपास पसरतं आणि पलीकडच्या पेशींची तयारी वाढवतं किंवा कमी करतं. काय करायचं ते दुसरीकडून ठरून आलेलं असतं, हे फक्त त्याला होकार मिळवून देतं. मग त्या दुपारी गोळीने केलं काय? गोळीत ती फजिती नव्हती. दोघी बहिणींचं लहानपण गोळीत नव्हतं. हसताना मान मागे टाकायची सवय गोळीत नव्हती. ती आईच्या जुन्या फोटोत आहे, आजार आसपासही नव्हता तेव्हाच्या. तीच गोळी मी घेतली असती तर मला मळमळलं असतं, हसू आलं नसतं. सकाळच्या त्या गुळगुळीत चेहऱ्याच्या आतसुद्धा हसू तयारच असणार, वाट मात्र बंद. आणि ज्याला आपण निखळ, बिनऔषधाचं हसू म्हणतो, मावशीचं किंवा माझं, तेही असंच थेंबाथेंबाने फटी ओलांडत येतं. त्याच्याखाली आणखी खरं, कोरडं, रसायनाशिवायचं हसू कुठे ठेवलेलं नाही. मावशीला हे सगळं सांगायचं मी मनात घोळवून ठेवलं होतं. सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, मलाही.

पण मग बटणांचा डबा निघाला.

मध्यंतरी गोळ्यांचा असर लवकर उतरायला लागला होता, म्हणून डॉक्टरांनी जोडीला आणखी एक औषध सुरू केलं. हे औषध डोपामिन बनवत नाही, स्वतःच डोपामिनच्या जागी रिसेप्टरवर जाऊन बसतं. दिवस सुधारले. काही दिवसांनी रात्री मला आवाज यायला लागला, बारीक, खडखडीत. जाऊन पाहिलं तर आई दिव्याखाली बसलेली आणि समोर पांघरुणावर घरातली सगळी सुटी बटणं. रंगांप्रमाणे लावलेली, मग रंगांत आकारांप्रमाणे, मग आकारांत भोकांप्रमाणे. लावून झाली की सगळी एकत्र करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सकाळी एक बटण लावताना अडणारी बोटं रात्री इतकी चपळ चालत होती की बघतच राहावं. "झोप ना आता," म्हटलं की "एवढं झालं की." एवढं कधी होत नसे. दुसऱ्या रात्री तेच, पुढच्या रात्रीही. मी काय म्हणाले असेन स्वतःशी? हे गोळीचं आहे. ही आई नाही.

हे वाक्य मनात उमटलं आणि ते मावशीच्या वाक्यासारखंच आहे हे मला चांगलंच कळलं. हसू तिचं आणि बटणं गोळीची, अशी वाटणी मी करून टाकली होती, आणि ती करायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता, एवढाच की एक मला आवडलं आणि दुसऱ्याची भीती वाटली. दोन्हीकडे तेच रिसेप्टर. जाणकारांनी याचं दिलेलं एक स्पष्टीकरण मला पटण्यासारखं वाटतं. या आजारात हालचालीकडे जाणारा डोपामिनचा पुरवठा फार आटतो, पण ओढ, आवड, पुन्हा पुन्हा करावंसं वाटणं हे जिथून चालतं तिकडचा तितका आटत नाही. औषध मात्र दोन्हीकडे सारखंच जातं. पायांना पुरेल इतकी मात्रा द्यावी तर तिकडे ती जास्त होते. कुणाला जुगाराचा नाद लागतो, कुणाला खरेदीचा, कुणी वस्तू उलगडून पुन्हा लावत बसतं. आईच्या वाट्याला बटणं आली हे त्यातल्या त्यात बरं, असं डॉक्टर म्हणाले. पण बटणंच का? तिने आयुष्यभर शिवण केलं म्हणून. ती निवडसुद्धा गोळीने केलेली नाही. मग हेही तिचंच म्हणायचं का, आणि तिचं असेल तर थांबवणारी मी कोण? दुसरीकडे तिची झोप जात होती, डोळे लाल व्हायचे, दिवसा तोल सुटायचा. एकदा पडता पडता वाचली. कुणाचं काय हे ठरायची वाट बघत बसण्यासारखी परिस्थिती नव्हती.

तपासणीला जाताना मी एक तक्ता नेते. गोळीची वेळ, लागू झाल्याची वेळ, उतरल्याची वेळ आणि शेवटी दुष्परिणामांचा रकाना. त्यात मी बटणांचं लिहिलं होतं. आईने कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि डॉक्टरांसमोरच म्हणाली, "हे इथे का लिहिलंस? मला बरं वाटतं ते करताना. हात चालतात." डॉक्टर घाईचे नाहीत, ते थांबले. आईने त्यांना विचारलं, हे औषध कमी केलं तर बटणं जातील, आणखी काय जाईल? त्यांनी खरं तेच सांगितलं: आधीपासून नेमकं सांगता येत नाही, चालणं थोडं जड होऊ शकतं, उत्साहही उतरू शकतो, आणि काहीही झालं तरी एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्यानेच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पडायचं नाहीये मला. थोडं कमी करा. सगळं नको."

तसंच केलं. रात्री ती आता बहुतेक झोपते. बोलणं पूर्वीपेक्षा किंचित संथ झालंय; दुपारचं हसणं येतं, पण रोज नाही. डबा कधीकधी अजून निघतो, थोडा वेळ चालतो आणि तिच्या हाताने बंदही होतो. तक्त्यात मी त्याची नोंद करते. ती दुष्परिणामांत करायची नाही असं तिचं म्हणणं, आणि डॉक्टरांना ते तिथेच दिसायला हवं असं माझं. मागच्या खेपेला तिने माझ्या हातून पेन घेतलं आणि त्या शब्दाला बाण काढून तो शेजारच्या, 'लागू झाली' या रकान्यात नेऊन ठेवला. अक्षर बारीक, शेवटाकडे आणखी बारीक होत गेलेलं, पण बाण सरळ होता. कागद तसाच डॉक्टरांकडे गेला.